टॅबवर सातबारा आणि अर्ज एकाच वेळी कसा उघडायचा?

गट क्रमांक पाहायला सातबारा उघडायचा, परत अर्जावर यायचं, तोवर आकडा विसरलेला! भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या गावात हे नेहमीचंच. त्यात एक अंक चुकला तर अर्ज दुसऱ्याच्याच जमिनीवर जातो. यावर टॅबमध्येच उपाय आहे, स्प्लिट स्क्रीन. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2016 पासून (आवृत्ती 7) आहे.

आधी सातबाऱ्याची पीडीएफ किंवा फोटो उघडा. मग अलीकडची ॲप दाखवणारं बटण दाबा. बटण नसेल तर स्क्रीनच्या तळापासून बोट वर सरकवून क्षणभर थांबा. सातबाऱ्याच्या चौकटीवरच्या छोट्या चिन्हावर टॅप करा, 'स्प्लिट स्क्रीन' निवडा आणि दुसरं ॲप म्हणून ब्राउझर घ्या. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये शब्द थोडे वेगळे असतात.

टॅब आडवाच धरा. उभा धरला तर खिडक्या वर-खाली होतात आणि कीबोर्ड आला की खालचं काहीच दिसत नाही. मधली पट्टी ओढून अर्जाला जास्त जागा द्या. ती पार कडेला नेली की एकच ॲप उरतं.

पर्यायच दिसत नसेल तर टॅब बिघडलेला नाही. काही ॲप स्प्लिट स्क्रीन चालूच देत नाहीत.