चंचल लेकराच्या मेंदूत काय वेगळे असते?



आमच्या वसतिगृहातील चौथीतल्या एका मुलासाठी गेल्या अंकात प्रार्थना-विनंती छापली होती. तो पंगतीत बसून राहत नाही, दर आठवड्याला पेन्सिल हरवतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. पत्रे पुष्कळ आली. कोणी लिहिले, ही बाधा आहे, उपास-प्रार्थना करून काढा. कोणी छडीची आठवण करून दिली. एका बंधूंनी मेंदूच्या एमआरआयचा खर्च देऊ केला. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासून त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता, असल्याचे सांगितले आहे. म्हणून हे चार शब्द.

आपल्या मेंदूची बाहेरची साल बालपणी जाड होत जाते आणि मग हळूहळू पातळ होऊ लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे स्कॅन ताडून पाहिले. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सालीचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोहोचण्याचे वय इतर मुलांत साडेसात वर्षे होते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, पण उशीर तीन वर्षांचा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. थांबणे, स्वतःला आवरणे, पुढचे ठरवणे ही कामे मुख्यतः याच भागाची. हालचाल चालवणारा भाग मात्र या मुलांत थोडा आधीच तयार झालेला होता. बैल जुंपलेले आहेत आणि कासरा अजून हाती आलेला नाही, असे काहीसे म्हणा ना!

पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतील तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. मेंदूच्या आतील पाच भाग एडीएचडी असलेल्यांत किंचित लहान आढळले, मुलांमध्ये अधिक स्पष्टपणे. पण हा फरक समूहाच्या सरासरीचा आणि फार थोडा आहे. एका मुलाचा स्कॅन हातात घेऊन त्याला एडीएचडी आहे की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून त्या बंधूंचे आभार मानून एमआरआयला आम्ही नकार दिला आहे.

निदान होते ते निरीक्षणावरून. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने तरी टिकलेली, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. आपल्या भागात आणखी सावध राहावे लागते. कान वाहून ऐकू कमी येणारे, रक्त कमी असलेले किंवा झोप अपुरी झालेले मूलही वर्गात लक्ष देत नाही. घरी पावरी बोलणाऱ्या लेकराला गुरुजींचे मराठीच कळत नसेल, तर त्याने लक्ष द्यायचे कशाकडे? या मुलाच्या बाबतीत हे सारे आधी तपासून झाले.

प्रार्थना थांबवू नका. पण त्याला मंडळीपुढे उभे करून अशुद्ध आत्म्याचे नाव घेऊ नका. तो ऐकतो, आणि ते विसरत नाही. छडीने मेंदूची वाढ लवकर होत नाही, भीती मात्र लवकर वाढते.

सध्या तो पहिल्या बाकावर बसतो. त्याला एका वेळी एकच काम सांगतो, दोन तासांमध्ये पाणी आणायला पाठवतो. औषध द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

जूनमध्ये त्याला वसतिगृहात ठेवायचे की घरी पाठवायचे, हा प्रश्न समितीपुढे आहे. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरी पाठवला तर तोही फडावर जाईल आणि शाळा तिथेच संपेल. त्याला ठेवावे, असे मी समितीला लेखी कळवले आहे. एमआरआयसाठी देऊ केलेली रक्कम दर महिन्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या फेरीला आणि संध्याकाळी अभ्यास घेणाऱ्या, पावरी जाणणाऱ्या एका ताईंच्या मानधनाला वापरता येईल. त्या बंधूंना तसे पत्र गेले आहे.