झाड निवडावं नवतप्यासाठी

मे २०२४च्या अखेरीस अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं कलम १४४ लागू झालं, तेही उन्हापायी. नऊ तप्त दिवसांचा नवतपा लागत होता, पारा ४५ अंशांच्या पुढे होता. अशा बातमीमागोमाग वृक्षारोपणाचे संकल्प येतात आणि रोपांचे आकडे जाहीर होतात. अकोला-अमरावतीच्या रस्त्यांसाठी मात्र पहिला प्रश्न असा हवा: या झाडाला नवतप्यात पानं असतील का? बहावा मे महिन्यात पिवळ्या घोसांनी लगडतो, पण त्याच्या फांद्यांवर पान जेमतेम असतं. मेळघाटची शान असलेला सागही तेव्हा बोडकाच. दोघेही अस्सल इथले. म्हणजे ‘देशी झाडं लावा’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही.

उलट कडुलिंब, करंज आणि पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये नव्या पालवीने भरून जातात. पावसाला अजून दोन-अडीच महिने असताना हे धाडस येतं कुठून? कोस्टारिका, थायलंड अशा ठिकाणच्या कोरड्या जंगलांतल्या झाडांवर रिवेरा, बोर्शर्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेलं संशोधन इथे मोलाचं ठरतं. थेंबभर पाऊस नसताना, वसंतसंपाताच्या सुमारास दिवस अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही कमी लांबला, की त्यांतली अनेक झाडं एकाच सुमारास पालवतात. दिवसाची एवढीशी वाढ झाडाला कळते, हेच मुळात थक्क करणारं! पालवीला लागणारं पाणी खोल गेलेली मुळं पुरवतात. म्हणून वृक्षलागवडीच्या यादीत फुलाच्या रंगाआधी पानगळीचा महिना आणि मुळांची खोली लिहिलेली असावी.

मुळांचा मुद्दा वऱ्हाडात जास्तच टोकदार आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या थरातली कोवळी मुळं तोडते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं सोडियमयुक्त पाणी दिलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी मुरेनासं होतं. टँकरने घातलेलं असं पाणीच रोपाच्या मुळावर येतं. करंज, कडुलिंब आणि बाभूळ हा खारेपणा बऱ्यापैकी सोसतात. बाभळीची सावली विरळ, म्हणून पदपथाला पहिले दोन बरे.

यावर कोणी म्हणेल, मग बारमाही हिरवा, झपाट्याने वाढणारा कोनोकार्पस काय वाईट? गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांची ॲलर्जी आणि जमिनीखालच्या वाहिन्यांत घुसणारी मुळं ही त्यामागची कारणं होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळीकडे कडुलिंबच लावला तर? तेलंगणात अलीकडे कडुलिंबाच्या शेंडेमर रोगाने असंख्य झाडं वाळवली. तेव्हा एकाच जातीवर भिस्त नको. करंज, शिरीष आणि चिंचही हव्यात. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण भर मेमध्ये गर्द सावली देते, तेव्हा तिचं मूळगाव विचारायचं कारण नाही. बहाव्याला बागेत मानाची जागा द्यावी. बसथांब्यावर आणि शाळेच्या वाटेवर मात्र भर दुपारी पान धरणारंच झाड हवं. लागवडीचा हिशेबही जुलैत लावलेल्या रोपांवरून मांडू नये. पाच वर्षांनंतरच्या मे महिन्यात त्यांच्याखाली किती सावली पडते, ते मोजावं.