उषा जन्मायच्या बारा वर्षं आधी

आमच्या मस्तगडातली सातवीतली एक मुलगी परवा सामान्यज्ञानाचं गाइड घेऊन आली. ‘ऑलिंपिकमध्ये धावलेली पहिली भारतीय महिला कोण?’ खाली चार पर्याय आणि बरोबरची खूण पी. टी. उषावर. कडेला पेन्सिलीनं ‘आयएमपी’ लिहून दोनदा अधोरेखित केलेलं.

हे उत्तर मी गणपतीतल्या प्रश्नमंजूषेत ऐकलंय, स्नेहसंमेलनाच्या भाषणात ऐकलंय, चहाच्या टपरीवर तर कितीदा. आता कान किटले.

उषाचा जन्म १९६४चा, हेलसिंकी ऑलिंपिक १९५२चं. वजाबाकी ज्यानं त्यानं करावी. त्या ऑलिंपिकला भारतातून चार जणी गेल्या होत्या. पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा (आरतीला तेव्हा बारावं वर्षही पुरं झालं नव्हतं), धावायला बंगालच्या नीलिमा घोष आणि आपल्या वांद्र्याच्या मेरी डिसूझा. २१ जुलैला १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत दोघी धावल्या. नीलिमा सतरा वर्षांच्या, त्यांची हीट आधी झाली, म्हणून ट्रॅकवरचा पहिलेपणाचा मान त्यांचा. मेरींनाच पहिली म्हणणारेही भेटतात. हा वाद काही हीटच्या अंतराचा आहे, तो खुशाल घाला. पण त्यात उषा कुठून आली?

याच हेलसिंकीत दोन दिवसांनी, २३ जुलैला, खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं. खाशाबांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे, आणि असायलाच हवी. मेरींसमोरही पैशांचीच अडचण होती. मित्रमंडळींनी नाचाचा आणि पत्त्यांच्या डावांचा कार्यक्रम ठेवून पैसे जमवायला घेतले, हे मेरींनी स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. एकाच वर्षीच्या, एकाच स्पर्धेच्या दोन वर्गण्या. एक कराडच्या खाशाबांसाठी, एक वांद्र्याच्या मेरींसाठी. दुसरी आपण विसरलो. पदक नव्हतं हे एक कारण. आडनाव डिसूझा होतं हे दुसरं, असं मला तरी वाटतं.

‘पदक नाही ना, मग झालं!’ असं म्हणणाऱ्यांनी ऑलिंपिकच्या बाहेरही पाहावं. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या रोशन मिस्त्री १०० मीटरमध्ये दुसऱ्या आल्या, मेरी २०० मीटरमध्ये तिसऱ्या आणि ४ बाय १०० रिलेत आपल्या मुलींना रौप्य मिळालं. १९५४ला मनिलात त्याच रिलेत सुवर्ण. ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स, मेरी डिसूझा. आशियाई स्पर्धांतलं भारतीय महिलांचं ते पहिलं सुवर्णपदक. मेरी हॉकीतही भारताकडून खेळल्या. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ला, तोवर त्यांची धाव संपली होती. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

बाकीचे गैरसमज किरकोळ. मेरी आणि स्टेफी एकच नव्हेत. १९६३चा अर्जुन पुरस्कार स्टेफींचा. १९५२च्या आधी एकही भारतीय स्त्री ऑलिंपिकला गेली नव्हती, हेही चूक: १९२४ला पॅरिसमध्ये नोरा पॉली टेनिस खेळल्या, तेव्हा ‘स्वतंत्र भारताची’ हे दोन शब्द जोडा. आशियाई स्पर्धेतलं भारतीय महिलेचं पहिलं वैयक्तिक सुवर्णही उषाचं नाही. ते १९७०ला बँकॉकमध्ये ४०० मीटर जिंकणाऱ्या कमलजीत संधूचं.

आणि उषाचं कांस्यपदक मागं वळून पाहिल्यामुळं हुकलं, ही तर निव्वळ लोणकढी. ती गोष्ट मिल्खासिंगची, तिच्या गळ्यात बांधलेली. लॉस एंजेलिसला १९८४च्या ४०० मीटर अडथळ्यांत रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूला ५५.४१ सेकंद लागले, उषाला ५५.४२. त्या वेगानं सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सात सेंटीमीटर. चार बोटं जुळवून धरा, तेवढं.

त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं, ‘आयएमपी’ खोडलं नाही. पर्यायांत ना नीलिमा घोष होत्या, ना मेरी डिसूझा. “पण काका, मग खूण कशावर करू?” तिनं विचारलं.