पोटातलं तेल आणि जहाजाचं नशीब

नीरा नदीचा पूल ओलांडून शिरवळमध्ये शिरलेले इंधनाचे टँकर पुढे खंडाळ्यावरून खंबाटकीचा घाट चढतात आणि पलीकडे साताऱ्याच्या बाजूला उतरतात. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की टाकीतलं हजारो लिटर पेट्रोल पुढे धावायला बघतं. ते एकदम पुढे आदळू नये म्हणून टाकीच्या पोटात आडव्या भिंती घालून चेंबर पाडलेले असतात. समुद्रावरचा तेलवाहू टँकर याच हिशेबाने बांधलेला असतो, पण तिथे लाटा दोन्ही बाजूंनी हेलकावे देतात. त्यामुळे आडव्या भिंतींच्या जोडीला उभ्या, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भिंतीही लागतात. अर्धवट भरलेल्या टाकीतलं तेल जहाज कललं की कललेल्या बाजूला धावतं आणि जहाज आणखी कलतं. हा धोका टाकीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून रुंदीचे तीन सारखे भाग केले, की तो एक तृतीयांश नव्हे, थेट एक नवमांशावर येतो. एवढ्या साध्या गणितामुळे तेल समुद्रापार नेणं शक्य झालं.

या विद्येत दुसऱ्या महायुद्धाआधी नॉर्वे फार पुढे होता. छोटा देश, लोकसंख्या जेमतेम तीस लाखांची, पण व्यापारी जहाजांच्या बाबतीत जगात चौथा. तेलवाहू जहाजांत तर जगातल्या एकूण क्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा त्याच्याकडे होता. ही जहाजं नवी होती आणि निम्म्याहून जास्त ताफा वाफेऐवजी डिझेल इंजिनावर चालत होता. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला तेव्हा यातली बहुतेक जहाजं घरापासून दूर, जगभरच्या समुद्रांत विखुरलेली होती. माघार घेत असलेल्या नॉर्वेच्या सरकारने त्याच महिन्यात देशाबाहेरचा सगळा व्यापारी ताफा सरकारी ताब्यात घेतला. त्यासाठी ‘नॉर्ट्राशिप’ नावाची संस्था उभी राहिली. तिची मुख्य कचेरी लंडनमध्ये आणि दुसरी न्यूयॉर्कमध्ये. सुमारे हजार जहाजं तिच्या हाताखाली आली आणि ती जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी ठरली. जहाजाचा मूळ मालक ओस्लोत किंवा बर्गनमध्ये जर्मनांच्या टाचेखाली, आणि जहाज मात्र लंडनच्या हुकमाने अबादानहून सिंगापूरला निघालेलं, अशी अवस्था होती. जर्मनधार्जिण्या क्विस्लिंगने रेडिओवरून कप्तानांना परत फिरण्याचे आदेश दिले. ते कप्तानांनी पाळले नाहीत.

यातले काही टँकर आपल्याच हिंदी महासागरात शत्रूच्या हाती पडले. कोणतं बुडवलं, कोणतं ठेवून घेतलं, कोणतं जपानला पाठवलं, हे ओळीने मांडलं की एक गोष्ट लख्ख दिसते. प्रत्येक टँकरचा निकाल त्याच्या टाक्यांमधल्या तेलाने लावला.

त्यांच्या मागावर असलेली जर्मन जहाजं दिसायला साधी मालवाहू होती. ‘अटलांटिस’ आणि ‘पिंग्विन’ ही त्यांतली दोन गाजलेली नावं. शांततेच्या काळात हीच ‘गोल्डनफेल्स’ आणि ‘कांडेलफेल्स’ या नावांनी ब्रेमेनच्या हांसा कंपनीसाठी चालत होती, आणि भारताचा व्यापार हे या कंपनीचं जुनं क्षेत्र. त्यांचंच एक भावंड, ‘एरेनफेल्स’, युद्ध सुरू होताच गोव्याच्या मुरगाव बंदरात आश्रयाला आलं. पोर्तुगीज हद्द तटस्थ असल्यामुळे ते तिथेच अडकून पडलं आणि मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज स्वयंसेवकांच्या छाप्यात संपलं. ‘अटलांटिस’ला मात्र तोफा चढवल्या गेल्या. खोट्या चिमण्या, बदलते रंग, परदेशी निशाणं असा सगळा बहुरूपी साज तिच्यावर होता. तिचं खरं बळ इंजिनात होतं. दोन डिझेल इंजिनांवर संथ गतीने गेली तर एकदा भरलेल्या इंधनात ती सुमारे ६० हजार सागरी मैल जाऊ शकत होती. वाफेच्या जहाजाला हे जमण्यासारखं नव्हतं. पण याच बळात एक अडचण होती. तिला डिझेलच हवं होतं, दुसरं तेल चालत नव्हतं.

खनिज तेल तापवून वेगळं करताना हलके घटक आधी बाहेर पडतात. पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. तळाला उरतं ते काळं, दाट फर्नेस ऑइल. बॉयलरखाली जाळायला ते उत्तम, कारण तिथे नुसती आग हवी असते. डिझेल इंजिनात मात्र इंधन बारीक छिद्रांतून फवारलं जातं आणि दाबाने तापलेल्या हवेत ते स्वतःहून पेट घेतं. फवारा जितका बारीक तितकं ज्वलन चांगलं. दाट तेल त्या छिद्रांतून नीट फुटत नाही, अर्धवट जळतं, मागे राख आणि कोळशासारखा थर ठेवतं आणि त्यातलं गंधक सिलिंडर झिजवतं. तेल आधी तापवून पातळ करायचं, गाळायचं, फिरवून स्वच्छ करायचं आणि मग डिझेल इंजिनाला द्यायचं, हे तंत्र युद्धानंतर, १९४६ पासून ‘ऑरिक्युला’ या ब्रिटिश टँकरवर झालेल्या प्रयोगांनंतर रुळलं. १९४० मध्ये कुणी दहा हजार टन फर्नेस ऑइल फुकट दिलं असतं, तरी ‘अटलांटिस’च्या इंजिनांना त्याचा उपयोग नव्हता.

आता घटना पाहू. ऑक्टोबर १९४० मध्ये ‘पिंग्विन’ने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला ‘स्टोरश्टाड’ हा नॉर्वेचा टँकर पकडला. बोर्निओहून मेलबर्नला सुमारे १२ हजार टन डिझेल घेऊन तो चालला होता. जर्मनांच्या दृष्टीने याहून चांगली शिकार असू शकत नव्हती. टँकर बुडवणं दूरच, त्याला ‘पासाट’ हे नवं नाव दिलं, त्यावर सुरुंग चढवले आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बास सामुद्रधुनीत ते पेरायला पाठवलं. ओळखीच्या आकाराचा निरुपद्रवी टँकर किनाऱ्याजवळून गेला तर कुणाला संशय येणार? त्या सुरुंगांवर ‘केम्ब्रिज’ हे ब्रिटिश आणि ‘सिटी ऑफ रेव्हिल’ हे अमेरिकन जहाज बुडालं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. काम संपल्यावर त्याच डिझेलवर तरत हा टँकर फेब्रुवारी १९४१ मध्ये फ्रान्सला पोहोचला.

महिन्याभराने बंगालच्या उपसागरात ‘अटलांटिस’ने एकाच आठवड्यात दोन नॉर्वेजियन टँकर पकडले. पहिला ‘टेडी’, अबादानहून सिंगापूरला निघालेला. टाक्यांमध्ये सुमारे १० हजार टन फर्नेस ऑइल. ‘अटलांटिस’चा कप्तान बर्नहार्ड रोगे याला ते बघून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. तेल मुबलक, पण आपल्या इंजिनाला निरुपयोगी. काही दिवसांनी ‘टेडी’ जाळण्यात आला.

दुसरा टँकर ‘ओले याकोब’. तो जेमतेम वर्षभराचा, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गोदीत १९३९ मध्ये बांधलेला. सिंगापूरहून सुएझकडे निघाला होता आणि पोटात विमानाचं पेट्रोल होतं. रात्री ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वेशातले जर्मन लहान नावेतून आले आणि त्यांनी एकही तोफ न डागता जहाज ताब्यात घेतलं. डेकवर एक गोळा पडला असता तर जहाज, माणसं आणि माल काहीच उरलं नसतं. हे पेट्रोलही ‘अटलांटिस’ला जाळता येत नव्हतं. मग ‘टेडी’सारखी याचीही होळी का नाही झाली?

कारण त्या महिन्यांत विमानाचं पेट्रोल ही जगातल्या सर्वांत दुर्मीळ वस्तूंपैकी एक होती. विमानाच्या इंजिनात इंधन आणि हवेचं मिश्रण जितकं दाबाल तितकी ताकद जास्त. पण साधं पेट्रोल जास्त दाब सोसत नाही. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतं, इंजिनात ठोके बसतात आणि पिस्टन फुटतात. हा दाब सोसण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. तो वाढवायला शुद्धीकरणाचं विशेष तंत्र आणि शिशाचं संयुग लागतं. जपानकडे ही क्षमता तोकडी होती आणि जुलै १९४० मध्ये अमेरिकेने विमान इंधनाच्या निर्यातीवर निर्बंध आणले होते. त्यामुळे ‘ओले याकोब’ बुडवण्यापेक्षा जपानला नेण्यात जर्मनांचा फायदा होता. डिसेंबरच्या सुरुवातीला तो कोबे बंदरात पोहोचला. पेट्रोल जपानकडे राहिलं आणि बदल्यात जर्मनांना डिझेल मिळालं.

याच फेरीत आणखी एक सामान गेलं. ‘ओले याकोब’ पकडल्यानंतर लगेच, ११ नोव्हेंबरला, ‘अटलांटिस’ने ‘ऑटोमेडॉन’ या ब्रिटिश जहाजातून अतिपूर्वेच्या संरक्षणाबद्दलचे गुप्त कागद मिळवले होते. सिंगापूरला पुरेसं बळ पाठवता येणार नाही, हे त्यांत लिहिलेलं होतं. ते कागद याच टँकरमधून कोबेला गेले आणि तिथून तोक्योतल्या जर्मन नौदल प्रतिनिधीमार्फत जपानी नौदलाच्या हाती पडले. पुढे ‘ओले याकोब’ने जर्मन जहाजांना इंधन पुरवलं, जुलै १९४१ मध्ये तो फ्रान्सच्या बोर्दो बंदरात शिरला आणि ते वर्ष संपण्याआधीच स्पेनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश विमानांनी त्याला बुडवलं.

‘केट्टी ब्रोव्हिग’ हा टँकर फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीला सेशेल्सच्या टापूत सापडला. तो बहरीनहून निघाला होता आणि त्याच्यात फर्नेस ऑइल आणि डिझेल दोन्ही होतं. अर्थात त्याला ठेवून घेतलं. काही दिवसांतच ‘अॅडमिरल शेअर’ ही जर्मन युद्धनौका भर समुद्रात भेटायला आली आणि तिने त्याच्याकडून डिझेल भरून घेतलं. एवढी मोठी युद्धनौकाही डिझेलवरच चालणारी होती. ४ मार्चला ऑस्ट्रेलियाच्या ‘कॅनबेरा’ आणि न्यूझीलंडच्या ‘लियांडर’ या युद्धनौकांनी त्याला गाठलं, तेव्हा त्याचा ताबा असलेल्या जर्मनांनीच तळाच्या झडपा उघडून त्याला बुडू दिलं.

टँकरवर काम करणं म्हणजे स्फोटकावर बसणं, अशी साधी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. समजा, टाकीत बारा मीटर उंचीपर्यंत पेट्रोल भरलंय आणि जहाज पाण्यात नऊ मीटर बुडालंय. टॉर्पेडोने तळाला भोक पडलं. पेट्रोल पाण्याहून हलकं, त्यामुळे बारा मीटर पेट्रोलचा तळावर पडणारा दाब आणि बाहेरच्या नऊ मीटर खाऱ्या पाण्याचा दाब जवळपास सारखाच भरतो. पाणी फारसं आत येत नाही. साध्या मालवाहू जहाजाच्या पोटात अशा वेळी पाण्याचा लोंढा घुसला असता. शिवाय टाक्यांच्या भिंती शेजारच्या भागाला वाचवतात. फेब्रुवारी १९४४ मध्ये एडनच्या आखातात जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालेला ‘एरलिंग ब्रोव्हिग’ हा नॉर्वेचा टँकर बुडाला नाही. त्याचा ताफा इराणच्या आखातातून एडनकडे चालला होता. ‘इम्पिरियल ट्रान्सपोर्ट’ या ब्रिटिश टँकरची गोष्ट तर थक्क करणारी आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, आणि इंजिन असलेला मागचा अर्धा भाग आपल्या बळावर स्कॉटलंडकडे चालत गेला. पुढे त्याला नवं नाक बसवलं. तो टँकर त्या वेळी रिकामा होता आणि रिकाम्या, बंद टाक्या म्हणजे हवेचे कोश.

मात्र याच रिकाम्या टाकीत वेगळा धोका लपलेला असतो. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणून मुंबईच्या उकाड्यात तर ते सतत वाफाळत असतं. फर्नेस ऑइलला त्यासाठी ६० अंशांहून जास्त तापवावं लागतं. पण वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असेल तरच स्फोट होतो. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर होत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी. नुकतीच उपसलेली, भिंतींना थोडं पेट्रोल चिकटलेली, वरून हवा शिरलेली टाकी ही नेमकी त्या घातक मधल्या पट्ट्यात येते. म्हणून बंदरात माल उतरवून परत निघालेला टँकर काही बाबतींत भरलेल्या टँकरहूनही सांभाळावा लागायचा. नॉर्वेच्या साडेतीन हजारांहून जास्त व्यापारी खलाशांनी या युद्धात प्राण दिले. त्यातले कितीतरी टँकरवरचे होते. ब्रिटिश खलाशांच्या पगाराशी मेळ बसावा म्हणून त्यांच्या वाढीव भत्त्याचा एक भाग एका गुप्त निधीत जमा होत होता. युद्धानंतर तो त्यांच्या हातात पडला नाही, आणि वर्षानुवर्षं भांडल्यावर १९७२ मध्ये सरकारने त्यांना रक्कम दिली. एवढा काळ त्यांना वाट बघायला लावणं ही नॉर्वेच्या इतिहासातली लाजिरवाणी गोष्ट आहे, असं मला वाटतं.

रिकाम्या टाकीचं कोडं सुटायला आणखी एक आपत्ती यावी लागली. डिसेंबर १९६९ मध्ये तीन आठवड्यांच्या आत तीन महाकाय टँकरवर आफ्रिकेच्या किनाऱ्यांजवळ स्फोट झाले. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि नॉर्वेचा ‘काँग हाकोन सातवा’. तिन्ही माल उतरवून परत निघालेले होते, तिन्हींवर जोरदार फवाऱ्यांनी टाक्या धुण्याचं काम चाललं होतं. तपासात बोट विजेकडे गेलं. भिंतीवर आदळून फुटणाऱ्या पाण्याच्या तुषारांवर स्थिर विद्युतभार साचतो आणि एवढ्या प्रचंड टाकीत तो ठिणगी पडण्याइतका वाढू शकतो. यातून पुढे आलेला उपाय असा: वाफ थांबवता येत नसेल आणि ठिणगीची खात्री देता येत नसेल, तर ऑक्सिजन काढून घ्यायचा. जहाजाच्याच बॉयलरचा धूर धुऊन, गार करून टाक्यांमध्ये सोडतात. त्यात मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड असतात. मुंबईत जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या मोठ्या टँकरांतही हीच व्यवस्था असते. पंपाने तेल उपसलं जातं तसतसा त्याच्या जागी हा निष्क्रिय वायू भरत जातो, आणि टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.