नागाची मूठ आणि वेलींचं रान

किटली चांदीची, मूठ मात्र नागाची. पोटावर बोट टेकवायलाही मोकळी जागा नाही, इतकं दाट वेलबुट्टीचं रान. आणि नीट पाहिलं तर पानांच्या गर्दीत कुठे हरीण, कुठे वाघ. भुजच्या उमरशी मावजी यांच्या कारखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी भांडी घडून बाहेर पडत. कच्छच्या महारावांच्या दरबाराचे ते कारागीर. पुढे मुलांनीही हाच धंदा सांभाळला.

गंमत म्हणजे हा सगळा थाट विलायती टेबलासाठी होता. आपल्याकडे चांदी म्हणजे ताम्हन, तबक, पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी. दूध-साखर घालूनच चहा उकळणाऱ्या घराला वेगळी दूधदाणी हवी कशाला? साहेबाला मात्र ती हवी होती, शिवाय मोहरीच्या चटणीचं भांडं आणि मद्याचा चंबूही. घाट त्याचा, नक्षी कच्छची.

ही नक्षी कोरलेली नसते, ठोकून उठवलेली असते. आधी चांदीचा पत्रा हातोडीने ठोकत भांड्याचा आकार आणायचा. ठोकून ठोकून चांदी कडक होते आणि तडकू लागते, म्हणून मधूनमधून ती तापवून मऊ करावी लागते. मग भांड्याच्या पोटात वितळलेली राळ ओततात. निवल्यावर ती घट्ट होते, तरी घाव बसला की जराशी दबते. त्यामुळे पत्र्याला आधार मिळतो आणि तो फाटत नाही. एकेक पान निरनिराळ्या ठशांनी ठोकायचं, भोवतालची जमीन खाली बसवायची. हाताखालची पोरं अशा कामात वर्षानुवर्षं मुरत. कच्छची चांदी बऱ्याचदा 92.5 टक्क्यांच्या स्टर्लिंगपेक्षा शुद्ध, म्हणजे अधिक मऊ; इतकी बारीक नक्षी तिच्यावर खुलते ती त्यामुळेच.

या भांड्यांतली अक्कल मुठीपाशी दिसते. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. नुसत्या चांदीची मूठ असती तर चहा ओतणाऱ्याचा हात भाजला असता. म्हणून मुठीच्या दोन्ही टोकांशी हस्तिदंताच्या चकत्या बसवत. मिठाच्या भांड्याला आतून सोन्याचा मुलामा देत, कारण मीठ चांदीला खातं.

ही कला कच्छला कुठून आली? रामसिंग मालम या खलाशाचं नाव घेतात. तो युरोपात हस्तकला शिकून आला आणि अठराव्या शतकात राव लखपतजींच्या पदरी राहून त्याने भुजचा आयना महाल सजवला. चांदीच्या वेलबुट्टीत डच वळण दिसतं ते त्याच्यामुळे, असं म्हणतात. सगळं श्रेय एकट्याला देणं जरा सोयीचंच वाटतं. आधीपासून हातोडी चालवणारे सोनार तिथे असणारच.

त्या काळात प्रत्येक गावाची चांदी वेगळी ओळखू येई. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सच्या भांड्यांवर देवदेवता, काश्मीरच्या कामात शालीवरची नक्षी. पुण्याची चांदीही देवदेवतांच्या ठसठशीत उठावासाठी प्रसिद्ध होती, आणि तिथे हीरप्पा बुचेना या कारागिराचं नाव होतं. ज्या देवांसमोर घरात निरांजन लावायचं, ते साहेबाच्या किटलीवर जाऊन बसले. घडवणाऱ्याला त्याचं काय वाटत असेल?

उमरशींची बरीच भांडी बुडाशी ठोकलेल्या ‘ओ. एम. भुज’ या रोमन अक्षरांतल्या शिक्क्यावरून ओळखतात. लंडनच्या लिलावांत त्या शिक्क्याला नुसत्या चांदीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दाम मिळतो, त्यामुळे आता खोट्या शिक्क्यांकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.