निसरड्या रस्त्याची पाटी काय सांगते?

घाटातून प्रवास करताना रस्त्याच्या कडेला तुम्ही एक त्रिकोणी पाटी पाहिली असेल. तांबडी किनार, आत पांढरा रंग, मधोमध काळी मोटार आणि तिच्यामागे चाकांच्या दोन नागमोडी खुणा. 'पुढे वळणे आहेत' असा तिचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण वळणाच्या पाटीवर मोटार नसते, बाण असतो. ही पाटी सांगते, 'पुढे रस्ता निसरडा आहे.' त्रिकोणी पाटी सावध करते, तर तांबड्या किनारीची गोल पाटी बंधन घालते, हेही लक्षात ठेवा.

रस्ता निसरडा होतो म्हणजे काय होते? चाक फिरवते इंजिन, पण गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता! टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळेच गाडी चालते, वळते आणि थांबते. मोटारीचा प्रत्येक टायर एका वेळी साधारण तळहाताएवढ्या जागेवरच रस्त्याला टेकलेला असतो. सारी मदार तेवढ्यावर असते.

आता थोडे गणित करू. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल, हे पुढील सूत्राने काढता येते:

अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वीय त्वरण)

सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.७ आणि ओल्या रस्त्यावर ०.४ धरू. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर २० मीटरांत थांबेल, ओल्यावर मात्र ३५ मीटर लागतील. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर मिळवा. एकूण झाले ५२ मीटर! ओल्या रस्त्यावर वेग निम्मा केला, तर हेच अंतर सुमारे १७ मीटरांवर येते. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्याचा हा परिणाम.

पावसाळ्याच्या आरंभीची पहिली सर विशेष फसवी असते. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, वाहनांतून ठिबकलेले तेल आणि टायरांचे झिजलेले कण साचलेले असतात. थोड्याशा पाण्यात त्यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. मुसळधार पावसाने तो वाहून जातो, पण मग दुसराच धोका उभा राहतो. टायरवरील खाचा पाणी बाजूला सारतात. खाचा झिजल्या असतील आणि वेग जास्त असेल, तर टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो. मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही!

शिवाय घर्षणाला मर्यादा असते, आणि ब्रेक व वळण यांना ते वाटून घ्यावे लागते. सारे घर्षण ब्रेकने वापरले, तर वळण्यासाठी काही उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, वळणावर नव्हे. नव्या गाड्यांत चाक अडकू न देणारे ब्रेक असतात. त्यांमुळे गाडी वळवता येते, पण ओल्या रस्त्यावर नसलेले घर्षण ते निर्माण करू शकत नाहीत.

एक प्रयोग करून पाहा. गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर खोडरबर ठेवा आणि तुकड्याचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले तुकड्याच्या खालचे आडवे अंतर म्हणजे घर्षणांक. मग फरशी ओली करून आणि शेवटी तिला साबणाचे पाणी लावून तोच प्रयोग करा. तिन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी मांडा.

सायकलीलाही हेच नियम लागू आहेत. ओल्या वळणावर पुढचा ब्रेक एकदम आवळू नका. वळण यायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके लावून वेग उतरवा. पाटी धोक्याच्या अलीकडे लावलेली असते, ती याचसाठी.