मागे पडणारे घड्याळ

माझ्या लहानपणी आमच्या घरी किल्लीचे एक जुने घड्याळ होते. ते रोज पाच-सहा मिनिटे मागे पडे. वडील सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की स्टुलावर चढून त्याचे काटे जुळवीत. तुमच्या-माझ्या शरीरातही एक घड्याळ आहे आणि बहुतेकांचे तेही थोडे मागेच पडते!

हे कळले कसे? मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 1962 च्या जुलैमध्ये आल्प्समधील एका गुहेत घड्याळाशिवाय एकटाच राहायला गेला. झोपताना आणि उठल्यावर तो टेलिफोनने वर कळवी. वरच्यांनी मात्र त्याला वेळ सांगायची नाही, असे ठरले होते. 14 सप्टेंबरला प्रयोग संपला, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच उजाडला होता! मनाची मोजणी 25 दिवसांनी चुकली. त्याच्या झोपण्या-उठण्याचे चक्र मात्र सुमारे साडेचोवीस तासांचे राहिले. पुढे अधिक काटेकोर मोजणीत माणसाचे हे चक्र सरासरी 24 तास 10 मिनिटांच्या आसपास भरले. 10 मिनिटांचे ते काय, असे म्हणाल. गुणाकार करून पाहा, महिन्याला पाच तास होतात!

डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा पुंजका असतो. हे मुख्य घड्याळ. त्याच्या इशाऱ्याने रात्री पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते व शरीर झोपेच्या तयारीला लागते. उत्तररात्री कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढू लागते. म्हणजे गजर होण्याआधीच शरीर उठू लागलेले असते!

मी भौतिकशास्त्राचा माणूस, त्यामुळे येथे लंबक कोठे आहे, हा माझा पहिला प्रश्न. तो पेशीतच आहे. काही जनुके एक प्रथिन बनवतात. ते साठले की आपल्याच जनुकाचे काम थांबवते. ते विघटित झाले की काम पुन्हा सुरू. असा एक फेरा म्हणजे एक दिवस. फळमाशीवरील या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि काटे जुळवतो कोण? प्रकाश! सकाळचे ऊन ते पुढे सरकवते, रात्रीचा उजेड मागे. परीक्षेच्या दिवसांत रात्री एकपर्यंत लख्ख दिव्याखाली किंवा मोबाइल घेऊन बसलात, तर मेलॅटोनिन दबते आणि काटे आणखी मागे जातात. सकाळी सहाला आई हाक मारते, तेव्हा शरीराच्या घड्याळात कदाचित चारच वाजलेले असतात.